हव आणि हवा

आमच्या घरात कुणीही हळू बोलत नसे. रायपूरच्या गुढियारीत रुळांच्या अगदी अलीकडे घर, आणि डाव्या हाताला राईस मिल. मिलचा पट्टा सुरू झाला की फळीवरच्या ताटल्या आपोआप पुढे सरकायच्या आणि आई भाजी परतता परतता एका हाताने त्या मागे ढकलायची. मागे मालगाडीचे डबे जोडत असत. एक डबा दुसऱ्यावर आदळला की तो धक्का डब्याडब्यातून लांबवर जात राहायचा, आणि तो संपेपर्यंत आम्ही तोंडातला शब्द तोंडातच धरून ठेवायचो. त्यामुळे मीठ मागायचं तरी ओरडून आणि गुपित सांगायचं तरी ओरडून. माझी मावशी तात्यापाऱ्यातून आली की तिला पहिला तासभर वाटे, इथे भांडण पेटलंय. ती आईला बाजूला घेऊन विचारी, "काय झालं वो बाई?" आणि आई तिला ओरडून सांगे, "काही नाही झालं, जेवून राहिले सगळे." लग्न होऊन मी बूढापाऱ्यात आले तेव्हा सासरची माणसं माझ्या पहिल्याच वाक्याला दचकली होती. आजही मी फोनवर बोलायला लागले की माझा मुलगा आतल्या खोलीतून म्हणतो, "मम्मी, फोन रख दो, उनको वैसे ही सुनाई दे रहा होगा." मराठी त्याला सगळी समजते, पण तोंडातून एक शब्द काढेल तर शपथ.

बाबा रेल्वेच्या कारखान्यात ब्रेकचे फिटर होते. निवृत्त झाले तरी त्यांचं बोलणं त्या एकाच गोष्टीभोवती फिरायचं. रेल्वेचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक नळी, तिच्यात दाबून भरलेली हवा, आणि ती पुरती भरल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही. "चढू द्या" हा त्यांचा लाडका शब्द. प्रेशर चढायला वेळ लागतो, घाई करणारा स्वतः मरतो आणि दुसऱ्यालाही घेऊन जातो, हे ते चहा निवायची वाट बघतानासुद्धा सांगायचे. कारखान्यात घणांच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला कळत नसे, सगळा कारभार हातांच्या खुणांवर चाले. घरीही ते निम्मं हातांनीच बोलत. दोन बोटं वर केली की भाकरी, पंजा आडवा फिरवला की पुरे. आम्हाला ती त्यांची ऐट वाटायची. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. समोरच्याने एकदा सांगितलं की पुन्हा विचारायचं नाही, असा त्यांचा खाक्या होता. ते पुन्हा का विचारत नाहीत, याचा विचार मात्र आमच्यापैकी कुणी केला नव्हता.

माझा मोठा भाऊ दिनेश. त्याला मी दादा म्हणते. त्याने रेल्वेत लागावं म्हणून बाबांनी बराच जीव जाळला, पण दादाने घरापुढच्या पडवीवर टिनाचं छप्पर टाकून गॅरेज काढलं. स्कूटर, मोटारसायकली, कधीमधी एखादी जुनी जीप. बाबा सकाळी खुर्ची टाकून तिथेच बसत आणि न विचारता सल्ले देत. दादा त्यांना चिडवायचा, "बाबा, तुमच्या ब्रेकात हवा पाहिजे, माझ्या ब्रेकात हवा शिरली की माणूस गेला. आपलं जमायचं नाही." बाबा म्हणत, "ब्रेक म्हणजे ब्रेक. लोखंड सगळीकडे सारखंच राहते." वरवर थट्टा असायची, पण त्यात एक गाठ होती. आपलं काम खरं आहे हे दादाला बाबांकडून ऐकायचं होतं, आणि बाबांना ते तोंडाने म्हणणं जड जात होतं.

गॅरेजात दादाच्या बरोबरीने काम करणारा परसराम. तो इथलाच, छत्तीसगढी. रुळांपलीकडच्या वस्तीत बायको आणि छोट्या पोरीसोबत राहायचा. दादाहून थोडा मोठा असेल. गॅरेज काढलं त्या दिवसापासून तो होता, आणि आमच्या घरातला नव्हे असं कुणी म्हटलं असतं तर आईने त्या माणसाला उभं केलं नसतं. आईला बासी खायला त्यानेच लावलं. बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा आणि सकाळी आंबूस झाला की कांदा-मिरचीबरोबर खायचा. आई आधी नाक मुरडायची, "आमच्या वऱ्हाडात असं शिळं माणसाले देत नाहीत." मग एका उन्हाळ्यात तिने चाखून पाहिला आणि पुढे आमच्या घरात लाखोळीच्या डाळीचं वरण आणि बासी ही जोडी ठरून गेली. परसराम मला नोनी म्हणायचा, म्हणजे पोरी. आणि कशालाही त्याचं उत्तर एकच असे, "हव." छत्तीसगढीत हव म्हणजे हो. पाना दे, हव. चहा घे, हव. उद्या लवकर ये, हव. आई म्हणायची, "याले विहिरीत उडी मार म्हटलं तरी हव म्हणन." त्यावरही तो हसून म्हणायचा, "हव, अम्मा."

छत्तीसगढ राज्य नवीन झालं होतं. रायपूर राजधानी झालं म्हणून जो तो काहीतरी काढत होता. शहराबाहेर एका तळ्याकाठी एकाने पिकनिकची जागा उभारली. झोके, होड्या, आणि मुलांना बांधावरून फिरवायला एक लाल गाडी. चार जाड टायर, मध्ये मोटारसायकलसारखं हँडल आणि सीट. तिला एटीव्ही म्हणतात हे मला पुष्कळ पुढे कळलं. आमच्या गल्लीने तिला बघितल्या बघितल्या नाव दिलं, मेचका. म्हणजे बेडूक. टेम्पोतून ती उतरवली तेव्हा मिलमधले हमालसुद्धा पोती टाकून बघायला आले होते. त्या जागेचा मॅनेजर दादाला सांगून गेला, की पुढचा ब्रेक धरत नाही, मागच्याची तार तुटलीय आणि ती मिळायला वेळ लागेल, निदान पुढचा तेवढा नीट करून द्या, पोरं बसतात तिच्यावर. हे काम पसंत पडलं असतं तर तिथलं सगळं काम, दोन जीपगाड्यांसकट, दादाकडे येणार होतं. दादाला झोप लागेना. कामापेक्षाही, बाबांच्या खुर्चीसमोर असं काही तरी करून दाखवायला मिळतंय, याचा त्याला आनंद होता. तो बोलून दाखवत नव्हता एवढंच.

हँडलवरची डबी उघडली तर आतलं ब्रेक ऑइल काळं ठिक्कर. नवं असताना ते फिक्या मधासारखं असतं. दादाने मला दाखवलं होतं. ते जुनं झालं की पाणी धरतं, आणि ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होते. मग लिव्हर दाबली तरी चाकाशी काही पोचत नाही, कारण तेल दबत नाही पण वाफ आणि हवा दबते. म्हणून सगळं जुनं तेल काढायचं, नवं घालायचं आणि घालताना नळीत शिरलेली हवा शेवटच्या बुडबुड्यापर्यंत बाहेर काढायची. हे एकट्याचं काम नाही. एकाने हँडलवरची लिव्हर दाबायची आणि डबीतलं तेल संपू द्यायचं नाही. दुसऱ्याने चाकाशी बसून निपल, म्हणजे तेल बाहेर सोडायचा बारीक स्क्रू, पान्याने जरासं उघडायचं आणि लगेच बंद करायचं. निपलला एक पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं, म्हणजे बुडबुडे दिसतात. दादाने सलाइनची नळी आणली होती.

बाबा खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "पाना माझ्याकडे दे. तुमच्या हाताले वजन कळत नाही, निपल तोडसान." दादाने एक क्षण त्यांच्याकडे बघितलं आणि पाना दिला. मला वाटतं त्या दिवशी तो सगळ्यात खूश त्या क्षणी होता. बाबांनी त्याच्या कामाला हात लावला होता. दादा लिव्हरशी उभा राहिला, बाबा चाकाशी पाटावर बसले, आणि बाबांना जवळचं बारीक दिसत नाही म्हणून नळी आणि बाटली परसरामकडे. ठरलं असं: बाबा म्हणणार "दाब", दादा लिव्हर दाबून धरणार, बाबा निपल उघडणार आणि बंद करणार, मग "सोड". दर वेळी बाबा परसरामला विचारणार, "साफ?" नळीत बुडबुडे नसले तर परसराम म्हणणार, हव. बुडबुडे दिसले तर म्हणणार, हवा.

तिघं शहाणी माणसं, आणि होकाराला आणि धोक्याला त्यांनी जवळजवळ एकच शब्द ठरवला. पण ठरवला असंही म्हणता येत नाही. त्या दोन शब्दांखेरीज तिथे दुसरं काय बोललं गेलं असतं? परसराम होला हवच म्हणणार आणि हवेला हवाच म्हणणार. दुसऱ्या कुठल्या गावात हे झालं नसतं. नागपूरच्या गॅरेजात तो हो म्हणाला असता, आणि इथल्याच दुसऱ्या गॅरेजात निपलशी बसलेला माणूस कारखान्याच्या घणांतून कान घेऊन आला नसता.

डावं चाक छान झालं. मी उंबऱ्यावर मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा सोलत बसले होते. मिल सुरू होती, त्यामुळे मला त्यांचं बोलणं कळत नव्हतं, नुसती दादाच्या हाताची मूठ आवळताना आणि सुटताना दिसत होती. उजव्या चाकाशी काय झालं ते मी नंतर तिघांच्या तोंडून तीन तऱ्हांनी ऐकून जुळवलंय. काळं तेल सरून नळीतून फिकं तेल यायला लागलं होतं. बाबांनी विचारलं, "साफ?" परसराम म्हणाला, "हवा." बाबांनी ऐकलं, हव. त्यांनी निपल आवळलं. निपल दर वेळी आवळायचंच असतं, म्हणून परसरामला त्यात काही वावगं दिसलं नाही. तेवढ्यात डबीतून दोन थेंब तेल लाल टाकीवर सांडलं. ब्रेक ऑइल रंग खातं, पटकन धुवावं लागतं. दादा ओरडला, "परसराम, पानी, पानी." तो बाटली खाली ठेवून हौदाकडे पळाला. परत आला तोवर बाबांनी नळी काढली होती आणि निपलवर रबरी टोपी चढवली होती. परसरामला वाटलं, आपण नसताना बाबांनी आणखी एक-दोनदा तेल काढलं असेल. तरी त्याने विचारलं, "हो गे का, बाबूजी?" बाबा म्हणाले, "हव, हव."

दादाने लिव्हर दाबून बघितली. "थोडी नरम वाटते, बाबा." बाबा हात पुसत म्हणाले, "नवं तेल आहे. चढू दे." ही त्यांची रेल्वेतली समजूत. तिथे खरंच चढतं. इथे चढायला काही नव्हतं, इथे जे होतं ते नळीत अडकून बसलं होतं. दादाने आठ-दहा वेळा लिव्हर मारली, तशी ती थोडी कडक लागली, कारण हवा अडकलेली असली तरी पुन्हा पुन्हा दाबल्यावर थोडा वेळ तशी फसवते. हे दादाला माहीत होतं. एरवी त्याने सगळं पुन्हा उघडलं असतं. पण बाबा पहिल्यांदाच त्याच्या गॅरेजात हाताला तेल लावून उभे होते आणि "झालं" म्हणत होते. त्यांना खोटं पाडायचं त्याच्या जिवावर आलं.

तो गाडी घेऊन निघाला. गल्लीतून दोनदा फिरला, ब्रेक लागला. पोरं मागे ओरडत धावत होती. मग तो रुळांखालच्या पुलाकडे वळला, कारण उतारावर बघितल्याशिवाय ब्रेकचं खरं कळत नाही. उतारावर लिव्हर सरळ हँडलला जाऊन टेकली. समोरून पोत्यांनी भरलेली हातगाडी चढत होती, ढकलणारी दोन माणसं मान खाली घालून ढकलत होती. दादाने गाडी पुलाच्या भिंतीवर घातली. ती उलटली आणि त्याच्या उजव्या पायावर पडली. हे मला तिथल्या माणसांनी सांगितलं. मी बघितलं ते एवढंच, की चार हमाल त्याला पोत्याच्या तरटावर घालून आणत होते आणि त्याची चप्पल एकाच पायात होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबा भिंतीला टेकून उभे होते. परसराम समोर आला आणि म्हणाला, "बाबूजी, उसमें तो हवा थी. मैं बोला था."

"तू हव बोला," बाबा म्हणाले.

"नहीं बाबूजी. मैं हवा बोला."

"मैंने अपने कान से सुना है."

परसराम माझ्याकडे बघत होता, आईकडे बघत होता. आई रडत रडत म्हणाली, "माझ्या पोराचा पाय गेला, अन् हा शब्द फिरवून राहिला." बाबा मानी होते, हट्टी होते, पण आयुष्यात खोटं बोललेले कुणी ऐकले नव्हते. मग खोटं कोण बोलतंय, हे आम्ही न बोलताच ठरवून टाकलं. दोघंही खरं बोलत असतील हे त्या व्हरांड्यात कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाबा म्हणाले, "कल से मत आना." परसराम म्हणाला, "हव," आणि जिना उतरून गेला.

पाय वाचला. आत लोखंडी पट्टी घालावी लागली आणि डॉक्टर म्हणाले, लंगडेल पण चालेल. पिकनिकवाल्यांनी गाडी उचलून नेली आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. गॅरेजला कुलूप लागलं. गुढियारीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. परसरामने हवा असताना हव म्हणून सांगितलं, काम उरकायची घाई, आणि वर खोटं बोलला, असं चहाच्या टपरीवर बोललं जात होतं. बातमी आमच्याच घरातून गेली होती. आईच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्याला कुठल्या गॅरेजात कुणी उभं करेना. तो गोदामात पोती उचलायला लागल्याचं कळलं. मी कॉलेजला जाताना एकदा तो समोरून आला, डोक्यावर पोतं होतं, म्हणून त्याने मान हलवली नाही की मला ओळख दाखवायची नव्हती म्हणून, ते मला समजलं नाही. घरी मी ते सांगितलं नाही. घरात आता कुणी फार बोलतच नव्हतं. दादा खाटेवर पडून छपराकडे बघायचा. बाबा खुर्ची घेऊन त्याच्या उशाशी बसायचे, पाणी द्यायचे, अंग पुसायचे. आई चार पदार्थ करायची आणि चारही तसेच राहायचे.

वैशाखातली दुपार होती. वीज गेली. पंखा थांबला, आणि त्याबरोबर मिलही थांबली. आमच्या घरात इतकी शांतता क्वचित व्हायची. चुलीवरच्या वरणाची रटरट मला पुढच्या खोलीत ऐकू येत होती. बाबा दादाच्या उशाशी बसून हातपंख्याने वारा घालत होते. घामाने दादाच्या प्लास्टरच्या वरचा पाय खाजत होता. बराच वेळ वारा घातल्यावर बाबांचा हात दुखला असावा. दाराकडे बघत त्यांनी विचारलं, "पुरे का?"

"हवा," दादा ग्लानीत पुटपुटला.

बाबांनी पंखा मांडीवर ठेवला आणि धोतराच्या सोग्याने स्वतःचा चेहरा पुसला.

दादाने डोळे उघडले. "बाबा, हवा," तो पुन्हा म्हणाला.

"हव, हव," बाबा म्हणाले आणि दाराबाहेर बघत राहिले.

मी पुस्तक खाली ठेवलं. दादा माझ्याकडे बघत होता. त्याचं तोंड इतकं पांढरं पडलं होतं, की पाय दुखतोय की काय म्हणून मी उठले. त्याने हाताने मला थांबवलं. मग बाबांच्या पाठीकडे बघत, आमच्या घरात कुणी कधी बोलत नसे तितक्या साध्या आवाजात त्याने विचारलं, "बाबा, परसराम काय म्हणाला होता?"

आईने आतून ते ऐकलं आणि हातातलं पळीसकट भांडं घेऊन दाराशी आली. बाबा हलले नाहीत. त्यांच्या लेखी काही झालंच नव्हतं. बाहेर एक बकरी कुंपणाचा पाला ओढत होती, तिच्याकडे ते बघत होते. आई हळूहळू त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, तेव्हा त्यांनी मान वर केली, मग वळून आमच्याकडे बघितलं. "काय झालं? काहून पाहून राहिले सगळे?"

दादा कोपरावर उठला आणि ओरडून म्हणाला, "बाबा, मी हवा म्हटलं होतं. तुम्हाले हव ऐकू आलं."

माझे वडील रागावले की त्यांचे कान लाल व्हायचे. मी त्याचीच वाट बघत होते. ते रागावले नाहीत. मांडीवरचा पंखा त्यांनी उलटा केला, सुलटा केला. आईने स्वतःच्या कानाला हात लावून खुणेने विचारलं, कधीपासून? ते म्हणाले, "कारखान्यात होतो तेव्हापासून. उजवा आधी गेला." मग म्हणाले, "तोंडाकडे पाहिलं तर समजते. त्या वक्ताले मी निपलकडे पाहून राहिलो होतो." इतकी वर्षं आम्ही सगळे ओरडतच बोलत आलो, म्हणून त्यांचं निभावून गेलं होतं. दुसऱ्या कुठल्याही घरात ते पहिल्याच महिन्यात उघडं पडलं असतं. त्यांनी पंखा उचलला आणि वीज येईपर्यंत दादाला वारा घातला. कुणी पुरे म्हटलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

उन्हं कलल्यावर त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि मला खुणेने म्हणाले, चल. आई म्हणाली, उद्या जा, आधी दोन घास खा. त्यांना ते ऐकू गेलं नसेल किंवा गेलं असेल, ते थांबले नाहीत. रूळ ओलांडताना त्यांनी माझा हात घट्ट धरला, लहानपणापासून धरायचे तसाच. ते मला जपतात असं मी समजत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की इंजिनाचा भोंगा वाजला तर माझा हात कसा ओढला जातो यावरूनच त्यांना कळत असणार. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडायलाही आलं. मी हात सोडवला नाही.

परसराम घराच्या पायरीवर बसला होता. त्याची बायको आत चूल पेटवत होती. आम्हाला बघून तो उठला, आत गेला, खाट आणून टाकली, लोट्यात पाणी आणलं. कशातही कमी केलं नाही. बाबा खाटेवर बसले नाहीत. ते त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले, "परसराम, तुम हवा ही बोले थे. मेरे को सुनाई नहीं देता. गलती मेरी है." ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. आजूबाजूच्या दारांत माणसं येऊन उभी राहिली. बाबांनी ते बघितलं आणि पुन्हा एकदा तेच म्हणाले, मुद्दाम, सगळ्यांकडे बघून. मला वाटतं, त्यांनी आयुष्यात केलेलं ते सगळ्यात कठीण काम असेल. मग म्हणाले, "कल से आ जाओ. दिनेश को भी बता दिया है."

परसरामच्या खांद्यावर पोत्यांनी घासून सालटं निघालं होतं. तो बाबांकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग तो माझ्याकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "नोनी, मैं अब नहीं आऊंगा. बाबूजी को तो सुनाई नहीं देता. तुम लोगों को तो देता था."

त्याचं तोंड माझ्या बाजूला होतं, त्यामुळे बाबांना ओठ दिसले नव्हते. त्यांनी माझा दंड धरला. "काय म्हणतो तो?"

"येणार नाही म्हणतो," मी म्हटलं.

"अं?"

दारांतली माणसं आमच्याकडे बघत होती. परसरामची बायको चुलीपासून उठून बाहेर आली होती. मी बाबांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "येणार नाही म्हणतो, बाबा."

"काहून?"

मी परसरामकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. खोटं सांगता आलं असतं, त्याला गोदामात बरं चाललंय असं काहीतरी. पण गल्ली ऐकत होती, आणि तोही ऐकत होता.

"आपण त्याचं ऐकलं नाही म्हणतो," मी म्हटलं. या वेळी मी ओरडले नाही, पुटपुटल्यासारखंच झालं. बाबा माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांनी माझा दंड सोडला. ते त्यांना पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं.